देवराईचा प्रस्ताव: सातबारा, मोजणी आणि ग्रामसभा

ग्रामपंचायतीला आपल्या हद्दीतली देवराई कायद्याने राखून ठेवायची असेल, तर पहिला अर्ज कोणाकडे करायचा हे एका जागी लिहिलेलं आम्हाला कुठे सापडलं नाही. कायदा आहे, नियम आहेत, मार्गदर्शक सूचना आहेत. पण सुरुवात कुठून करायची हे त्यातलं काहीच सांगत नाही. दक्षिण रत्नागिरीतल्या आमच्या गावात हा विषय २ ऑक्टोबर २०२३ च्या ग्रामसभेत निघाला आणि २०२५ च्या पावसाच्या तोंडावर पूर्ण प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे रवाना झाला. ग्रामपंचायतीच्या हातात असतं तेवढं झालं. पुढची राजपत्रातली अधिसूचना राज्य सरकारने काढायची असते. आता शेजारच्या गावांतून विचारणा होते, म्हणून क्रमाने लिहितो.

देवराई ओढ्याच्या दोन्ही काठांना, सुमारे १ हेक्टर ८० आर. किंजळ, ऐन, नाणा, काजरा, सुरंगी, दोन मोठे बेहडे आणि मनगटाहून जाड गारंबीचे वेल. वरच्या अंगाला कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, सहा हेक्टरांच्या आसपास. ग्रामसभेत पहिली मागणी दोन्ही एकत्र राखण्याची होती.

मार्ग कोणता धरायचा, हे वाचनाने ठरत नाही, सातबाऱ्याने ठरतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३६ग (36C) प्रमाणे ‘समुदाय राखीव’ होऊ शकतं, पण ते खासगी किंवा सामूहिक जमिनीवर, मालकांनी आपणहून पुढे आल्यावर. ३६अ (36A) खालचं ‘संवर्धन राखीव’ सरकारी जमिनीवर होतं, पण तो मोठ्या क्षेत्राचा मामला. तिलारीचं २०२० मधलं संवर्धन राखीव २९ चौरस किलोमीटरहून मोठं आहे. तिसरा मार्ग जैविक विविधता कायदा २००२ च्या कलम ३७ चा, ‘जैवविविधता वारसा स्थळ’. याला क्षेत्राची खालची मर्यादा नाही आणि जमिनीची मालकी बदलत नाही. सिंधुदुर्गात याची दोन उदाहरणं आहेत, दोन्ही २०२१ ची: दोडामार्ग तालुक्यात बांबर्ड्याची जंगली जायफळाच्या झाडांची दलदल, २.५९ हेक्टर, आणि आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाचा परिसर, २.११ हेक्टर, जिथून शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाची नव्याने नोंद झाली. ‘एवढ्याशा जागेला कोण विचारणार’ असं कोणी म्हणालं की आम्ही हे दोन आकडे पुढे करायचो.

नगरपंचायत असेल तर आणखी एक वाट आहे. विकास आराखड्यात त्या जागेवर हरित पट्ट्याचं आरक्षण टाकून घ्यायचं, प्रारूप आराखडा हरकतींसाठी खुला असतानाच. पण आरक्षण पुढे बदलता येतं, हे ध्यानात ठेवा.

आता सातबारा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरबसल्या मिळतो, पण तेवढ्यावर थांबू नका. जुने फेरफार, आकारफोड पत्रक (जमिनीच्या पोटहिस्स्यांचा तक्ता) आणि गावनकाशाही काढा. देवराईच्या उताऱ्यावर कोकणात साधारण चारपैकी एक प्रकार दिसतो. भोगवटादार म्हणून सरकार आणि इतर हक्कांत ‘देवरहाटी’ (देवाच्या नावाने राखलेलं रान). किंवा देवस्थान इनाम वर्ग ३, म्हणजे देवस्थानाला इनाम दिलेली जमीन. किंवा गावकऱ्यांची सामायिक नावं. किंवा इतर हक्कांत १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याचा शेरा. हा शेवटचा शेरा असेल तर आधी वनखात्याकडे जायला हवं, कारण ग्रामसभेने कितीही ठराव केले तरी त्या जमिनीबद्दल बोलण्याचा पहिला अधिकार तिचा राहत नाही. आमची देवराई पहिल्या प्रकारातली निघाली, सरकार आणि देवरहाटी. समुदाय राखीवचा विषय तिथेच संपला. सडा मात्र सामायिक खासगी, आणि खातेदारांची यादी पानंच्या पानं. निम्मी माणसं मुंबईत, काही मयत आणि वारसनोंदी बाकी.

म्हणून दोन्ही वेगळे केले. देवराईचा प्रस्ताव आधी, सडा मागाहून. ग्रामसभेत यावर बरीच वादावादी झाली, कारण खरा धोका सड्याला होता, तिथे चिरेखाणीची (जांभा दगडाच्या खाणीची) विचारणा होऊन गेली होती. पण सामायिक जमिनीतला एक सहहिस्सेदार हरकत घेऊन सगळी फाईल अडवू शकतो. स्वच्छ उताऱ्याचा लहान तुकडा आधी पुढे काढावा, हे आजही पटतं.

पुढचा टप्पा समितीचा. जैविक विविधता कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावीच लागते आणि बहुतेक गावांत ती कागदावर असते. दप्तर उघडून बघा. सदस्यांपैकी किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे हवेत. २०२३ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्यात सदस्यसंख्या सात ते अकरा केली आहे. आमची जुनी समिती पंचायतीच्या मुदतीबरोबरच संपली होती, ती नव्याने नेमली. समितीत गुरव, एक वैदू, गुराख्यांपैकी एक आणि बचतगटाच्या दोघीजणी घेतल्याचा पुढे फार उपयोग झाला. नुसत्या पदाधिकाऱ्यांची समिती सह्या करते, झाडं ओळखत नाही. सचिव ग्रामसेवक असतात (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी, तसे तलाठी ग्राम महसूल अधिकारी; पत्रव्यवहारात नवं पदनाम घातलेलं बरं).

मग लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती, प्राणी आणि त्यांच्याबद्दलच्या पारंपरिक माहितीची वही. ही पण दप्तरात असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घालून दिली होती आणि नंतर राज्यांना महिना दहा लाखांच्या दंडाची तंबी होती, त्यामुळे तेव्हा देशभर नोंदवह्या घाईने उरकल्या गेल्या. तुमची नोंदवही उघडा आणि कातळावरच्या पावसाळी वनस्पतींचं पान शोधा. नसेल, किंवा गावात नसलेली झाडं यादीत असतील, तर ती पुन्हा करावी लागेल. प्रस्तावाचा कणा हीच वही आहे.

इथे एक वर्ष जातं आणि ते वाचवता येत नाही. कारण सरळ आहे: सगळं एका ऋतूत दिसत नाही. कातळावरची कोकण दीपकाडी पाऊस सुरू झाल्यावर फुलते आणि थोड्याच आठवड्यांत दिसेनाशी होते. गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला यांच्यासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर. झाडांची फुलं-फळं मार्च ते मे. धनेशाची ढोली शोधायची तर जानेवारीनंतर, मादी आत कोंडून घेते आणि नर चारा घेऊन येऊ लागतो तेव्हा. त्या काळात ढोलीच्या झाडापासून लांब थांबायचं आणि तिची नेमकी जागा सार्वजनिक प्रतीत लिहायची नाही. वैदूंनी सांगितलेल्या औषधांचंही तसंच. नोंदवहीतली अशी माहिती गोपनीय ठेवता येते, पानावर तसा शिक्का मारून ती वेगळ्या पाकिटात ठेवा. हे आधी सांगितलं तरच वैदू बोलतात.

मोजमापात चुका ठरावीक ठिकाणी होतात. झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. बुंध्याला आधारमुळं असतील तर त्यांच्या वर, आणि तसं शेऱ्यात लिहायचं, नाहीतर बेहड्याचा घेर दीडपट दिसतो आणि तज्ज्ञ सगळ्याच आकड्यांवर संशय घेतात. मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश सगळ्यांनी दशांश अंशातच घ्यावेत. एकाने अंश-मिनिटं लिहिली की नकाशावर झाड खाडीत जाऊन पडतं. स्थानिक नावावर विसंबू नका, एकच नाव दोन वाड्यांत दोन झाडांना असतं. पान, फूल, फळ, साल असे चार फोटो आणि शंका असेल तिथे वाळवलेला नमुना. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी नावं तपासून यादीवर सही दिली. त्या एका सहीने पुढचे कितीतरी प्रश्न मिटले.

२०२४ मध्ये दोन आचारसंहिता आल्या, मार्चमध्ये लोकसभेची आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेची. त्या काळात ग्रामसभेचे ठराव होत नाहीत आणि कार्यालयांतली माणसं निवडणुकीच्या कामाला जातात. निवडणुकीचं वर्ष असेल तर ठरावाची कामं आधी किंवा नंतर धरा आणि मधला वेळ नोंदींना द्या.

मोजणी सगळ्यात किचकट. अर्ज ‘हद्द कायम’, म्हणजे हद्दी पक्क्या करण्याच्या, मोजणीचा करायचा, ऑनलाईन. जमीन सरकारी असल्याने ग्रामपंचायतीच्या अर्जासोबत महसूल खात्याचं पत्र जोडावं लागलं. त्याचीच वाट अर्जापेक्षा जास्त बघितली. शुल्क ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये भरले, द्रुतगतीला ८,००० होते. आम्हाला घाई नव्हती. भातकापणी झाल्यावर आणि काजूचा मोहर येण्याआधी, म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारीची तारीख मिळेल असं बघा. गवत बसलेलं असतं, ओढा उतरता येतो आणि माणसं रिकामी असतात.

आता मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संकेतावर चालणाऱ्या यंत्राने होते. उघड्या शेतात तो काही सेंटिमीटरपर्यंत अचूक असतो, पण देवराईच्या दाट छताखाली उपग्रहांचा संकेत तुटक येतो आणि बिंदू मीटर-दोन मीटर इकडेतिकडे सरकतो. पावणेदोन हेक्टरांच्या तुकड्यात एवढी चूक चालत नाही. यावर उपाय म्हणजे देवराईबाहेर उघड्यावर, सड्याच्या कडेला आणि खाली मळ्यात, रोव्हरने दोन-दोन पक्के बिंदू घ्यायचे आणि तिथून टोटल स्टेशनने (दुर्बिणीतून अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राने) आत शिरायचं. हे यंत्र आणायची विनंती अर्जातच लिहा. मोजणीच्या दिवशी सांगितलं तर पुढची तारीख पडते. टोटल स्टेशनला सरळ नजर लागते, म्हणून माणसं कोयते घेऊन वाट साफ करायला लागतात. तिथे उभं राहून थांबवावं लागतं. झुडपं दोरीने बाजूला बांधली की काम होतं, किंजळीची रोपं राहतात.

लगतधारकांना नोटिसा जातात. त्या पोचल्या की नाही ते पंचायतीने स्वतः विचारून घ्यावं, कारण मुंबईच्या पत्त्यावर गेलेली नोटीस परत आली की हरकतीला जागा राहते. आमच्याकडे एका बाजूचा काजूबागेचा गडगा (दगडी कुंपण) देवराईत आत आलेला निघाला. यावर जागेवरच भांडण पेटू शकतं. समितीने ठरवलं की प्रस्तावात हद्द ‘क’ प्रतीप्रमाणेच (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशाप्रमाणेच) जाईल, गडग्याची नोंद पंचनाम्यात होईल आणि अतिक्रमणाचा विषय या फाईलमध्ये येणार नाही. बागवाल्यांनी पंचनाम्यावर सही केली. ज्यांना एकाच दमात सगळे हिशेब चुकते करायचे असतात, त्यांच्या फाईली कपाटात राहतात.

ग्रामसभेआधी वाडीवार बैठका घेतल्या. विरोध झाडांना कोणाचाच नव्हता, भीती वेगळीच होती. ‘उद्या देवळात जायला पण पास लागेल काय?’ हा प्रश्न प्रत्येक वाडीत आला. पालखीची वाट, शिमग्याची होळी, गुरवांचं पानं-फुलं काढणं, ओढ्याचं पाणी, गुरांची पाणंद, सगळं बंद होणार अशी समजूत होती. त्यात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची चर्चा मिसळलेली. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या वारसा स्थळांच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की, लोकांनी स्वतःहून ठरवलेले निर्बंध सोडून, चालत आलेल्या प्रथा आणि वापरावर या घोषणेने बंधन येत नाही. ते वाक्य मराठीत छापून वाडीत वाचलं. तरी तोंडी आश्वासनावर कोणी राहत नाही, आणि राहूही नये. म्हणून काय चालू राहणार याची यादी ठरावाच्या मसुद्यातच घातली: देवाचा कौल घेऊन देवकार्यासाठी लाकूड, पालखीचा मार्ग, पाणी, पाणंद. त्यानंतर काय बंद: जिवंत झाड तोडणं, ओढ्यात यंत्र घालणं, कचरा, आत नवं काँक्रीट. जीर्णोद्धाराचं कलम सगळ्यांत जड गेलं, कारण देवळाला सभामंडप वाढवायचा विचार चालू होता आणि त्याच्या रेषेत एक सुरंगी येत होती. शेवटी मानकऱ्यांनीच सुचवलं की मंडप आहे त्या जोत्यावरच वाढवायचा, उंची घ्यायची पण जागा नाही.

ठराव १ मे २०२५ च्या ग्रामसभेत झाला. गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यात जी संख्या कमी ती. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, पण अशा विषयाला तहकूब सभेतला ठराव नेऊ नये. पुढे कोणी बोट ठेवतं. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, संख्या आपोआप होते. आदल्या महिला सभेतही विषय घ्या आणि तिचा ठराव सोबत जोडा. ठरावात सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर (एकत्रीकरण झालेल्या गावात गट नंबर), हेक्टर-आर क्षेत्र आणि चतुःसीमा शब्दांत लिहाव्यात. ‘गावची देवराई’ एवढंच लिहिलेला ठराव पुढे उपयोगाचा नाही. सूचक, अनुमोदक, हजेरीपटाची प्रत आणि इतिवृत्तावर सही-शिक्का त्याच आठवड्यात घेऊन ठेवा.

फाईलमध्ये शेवटी हे गेलं: दोन्ही ठराव, समिती नेमल्याचा ठराव, सातबारा आणि फेरफार, ‘क’ प्रत, गावनकाशावर रंगवलेली हद्द, नोंदवहीचा संबंधित भाग, तज्ज्ञांची सही असलेली यादी, फोटो, व्यवस्थापन आराखडा आणि वारसा स्थळाच्या निकषांपैकी आपली जागा कुठल्या निकषांत बसते याचं दोन पानी टिपण. हे टिपण मनापासून लिहा. ‘निसर्गरम्य परिसर’ असं लिहून काही होत नाही. प्रदेशनिष्ठ जाती कोणत्या, दुर्मीळ कोणत्या, कोणतं झाड कोणाला खाऊ घालतं, रीत किती पिढ्यांची, असं निकषागणिक लिहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ ला राजस्थानातल्या देवरायांच्या प्रकरणात दिलेल्या निकालाचा उल्लेख पहिल्या पत्रात केला. जैवविविधता मंडळाचं मुख्यालय नागपूरला. एक प्रत थेट तिथे, एक पंचायत समितीमार्फत, एक जिल्हाधिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणची पोच आणि आवक क्रमांक घ्या. वाट बघताना चौकशीला तोच क्रमांक लागतो, आणि अगदीच काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच.

पावसाळ्यानंतर फाईलवर दोन शंका परत आल्या. क्षेत्र सातबाऱ्यावर आणि ‘क’ प्रतीवर थोडं वेगळं का, आणि आराखड्यातल्या कामांना पैसे कुठून. पहिलीला मोजणी नकाशाचा आधार देऊन खुलासा केला. दुसरीला ग्रामपंचायतीच्या आराखड्यात तरतुदीचं पान जोडलं. खरं तर खर्चाची कामं थोडीच आहेत. आमचा आतापर्यंतचा सगळ्यांत मोठा खर्च तज्ज्ञांच्या येण्याजाण्याचा आणि रंगीत छपाईचा झाला, त्यातला बराचसा मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने उचलला. फलक पाच हजारांच्या आत बसले.

आराखड्यात वृक्षारोपण घालू नका, विशेषतः सड्यावर. कातळ उघडा दिसतो म्हणून खड्डे मारून ऑस्ट्रेलियन बाभळी लावायची हौस सगळ्यांना असते. पण खड्ड्यात पाणी अडतं, बोटभर माती सरकते आणि ज्या गेंदासाठी जागा राखायची तोच जातो. आम्ही कामं तीनच लिहिली. रानमोडी हे बाहेरून आलेलं झुडूप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती मऊ असताना आणि फुलायच्या आत, मुळासकट उपटणं. नुसती कापली तर दुप्पट फुटते. सड्याच्या बाजूने जानेवारीत तीन मीटर रुंदीची जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा), कारण वणवा तिथूनच खाली उतरतो. आणि वर्षातून एकदा हद्दीच्या दगडांची पाहणी, पंचांच्या सह्यांसह.

सड्याचं काम वेगळ्या फाईलवर चालू आहे. वारसनोंदी आधी, संमतिपत्रं नंतर. संमतिपत्रावर गणपतीत आणि शिमग्यात सह्या घेतो, कारण सहहिस्सेदार एका अंगणात तेव्हाच सापडतात. तोवर ग्रामसभेने सड्यावर खड्डे आणि लागवड न करण्याचा ठराव केलाय आणि तो चिरेखाणीच्या परवानगीसाठी मत मागवलं गेलं तर जोडायला तयार ठेवलाय. वारसा स्थळाची अधिसूचना निघाली की ती आपोआप सातबाऱ्यावर चढत नाही, इतर हक्कांत नोंदीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याचा मसुदा ग्रामपंचायतीत करून ठेवलाय. तारीख आणि अधिसूचना क्रमांकाची जागा तेवढी कोरी आहे.